दुमडलेल्या कडेचं कार्ड

१

कार्ड गेलं होतं.

सकाळी पावणेनऊला ते बोर्डावर होतं. सव्वाअकराला नव्हतं. मधल्या अडीच तासांत हॉस्पिटलच्या त्या मोठ्या दालनातून पाचेकशे माणसं तरी ये-जा करून गेली असतील, आणि त्यांतल्या कुणीतरी आमचं घर उचलून नेलं होतं.

आमचं म्हणजे, अजून झालं नव्हतं म्हणा. पण ते कार्ड वाचता वाचता आईचा चेहरा असा काही सैल पडला, की मी मनातल्या मनात तिथे चपला काढून आत जाऊन बसलेसुद्धा होते. 'दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एक-दोन महिन्यांसाठी. भाडं झेपेल असं. हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटं. लहान मूल असेल तर उत्तम.'

लहान मूल असेल तर उत्तम! त्याआधी मी सतरा घरमालकांना फोन केले होते. हो, मीच. गेल्या वर्षापर्यंत दुकानात वही मागायलासुद्धा आईच्या मागे लपणारी मी, आता अनोळखी माणसांना फोन करून "नमस्कार, घराबद्दल बोलायचं होतं" असं खणखणीत सांगते. म्हणून तर घरात मला भोंगा म्हणतात. तर त्या सतरा जणांपैकी नऊ जण म्हणाले, "आठ आठवडे? अकरा महिने असेल तर बोला." चौघांचं भाडं ऐकून आईनं नुसतीच मान हलवली. तिघांना लहान मूल नको होतं. आणि एका घराच्या फोटोत दिसणारी सुंदर खिडकी शेजारच्यांची निघाली.

लहान मूल म्हणजे माझी बहीण, गोटी. वय वर्षं पाच, जन्मापासून ऐकू येत नाही. महिन्यापूर्वी तिच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि याच सोमवारी कानामागचं यंत्र सुरू झालं. पण यंत्र सुरू झालं म्हणजे ऐकू आलं असं नसतं. आवाज म्हणजे काय, हे तिला आता शिकायचं होतं. रोज सकाळी वर्ग, आठ आठवडे. शिकवणाऱ्या ताईंना आम्ही बोलकीताई म्हणायचो. एक वर्ग बुडाला तर चालेल, पण आठवडा बुडाला तर गोटीची पाळी पुढच्या मुलाला जाणार आणि हिची पुन्हा सहा महिन्यांनी येणार. "या वयात सहा महिने म्हणजे फार होतात हो," असं बोलकीताई आईला हळूच म्हणाल्या होत्या. मी ते ऐकलं होतं.

आमचं गाव बसनं नऊ तास लांब. बाबा सायकलदुरुस्तीच्या दुकानात अडकलेले. आईनं पोस्टातली साठवलेली सगळी रजा काढलेली, माझी शाळेची मोठी सुट्टी. राहायला हॉस्पिटलचं अतिथीगृह होतं, पण तिथे सातच दिवस. तिथल्या बाईंना 'पण' हा शब्द चालत नसे. शनिवारी सकाळी दहाला खोली रिकामी, म्हणजे रिकामी.

आणि आज मंगळवार होता.

"मी म्हणत होते ना, तेव्हाच नंबर उतरवून घेऊ!" मी म्हणाले.

"अगं, गोटीचं नाव पुकारलं तेवढ्यात," आई म्हणाली. "म्हटलं, येताना घेऊ."

गोटीला या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं. ती वर्गाबाहेरच्या बाकावर उभी राहून भिंतीला गाल लावून बसली... म्हणजे उभी राहिली होती. सोमवारपासून तिचं हेच चाललं होतं. रंग उडालेल्या त्याच एका जागी गाल, डोळे मिटलेले. भिंत गार लागत असेल, असं आम्ही समजलो.

"निदान नंबरातले दोन-चार आकडे तरी आठव ना, आई."

आई पोस्टात पत्रांची वर्गवारी करते. एकदा पाहिलेलं अक्षर ती विसरत नाही. तिनं डोळे मिटले. "अक्षर गोल होतं. प्रत्येक शब्दावर रेघ नीट दिलेली. 'उत्तम'खाली बारीकशी रेघ..." मग तिनं एकदम डोळे उघडले. "नंबर नव्हताच गं. म्हणजे असणार, पण दिसत नव्हता. कार्डाची खालची कड मागे दुमडलेली होती. दोनदा. अगदी सारखी."

घर भाड्यानं द्यायचं कार्ड लावायचं, आणि नंबर मात्र दुमडून टाकायचा? असं कोण करतं?

२

मी ठरवलं, हे शोधून काढायचंच. आई म्हणाली, "आधी पोटात काहीतरी घाल." शोध लावणाऱ्यांच्या आया असंच म्हणत असाव्यात.

पहिले वॉचमनकाका. त्यांची खुर्ची बोर्डापासून दहा पावलांवर.

"काका, सकाळी तिथे एक कार्ड होतं. फिकट पिवळं."

"घराचं ना? 'लहान मूल असेल तर उत्तम'?" काका हसले. "त्याला मी पाहुणा म्हणतो. महिन्यातून दोन-तीनदा येतं आणि दुपारच्या आत जातं."

"म्हणजे आधीही आलं होतं?"

"चार-पाच महिने झाले की. मी आठला येतो तेव्हा कधी कधी लावलेलं असतं. कोण लावतं बघितलं नाही, कोण नेतं तेही नाही. मी दाराकडे बघायचं का बोर्डाकडे, सांग बरं?"

"पण तुम्हीच तर काढत नाही ना कार्डं?"

"ए पोरी!" काका खुर्चीत ताठ झाले. "मी सोमवारी काढतो, जुनी तेवढी. आणि काढली की टेबलावर ठेवतो, फेकत नाही. आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग? सुटलो का मी?"

"सुटलात," मी म्हणाले. मला जरा लाजच वाटली, पण मज्जाही आली.

काकांनी आवाज खाली आणला. "बोर्डावरची कार्डं फाडणारा सगळ्यांना माहीत आहे. समोर चहाच्या टपरीवर बसतो. काखेत निळी फाइल. साडेदहाला येतो, एक चक्कर मारतो, आणि त्याच्या मागे बोर्ड बघ, उपटलेल्या शेतासारखा."

साडेदहा. आणि आमचं कार्ड पावणेनऊ ते सव्वाअकराच्या मध्येच गेलं होतं!

३

फाइलवाला घरांचा दलाल होता. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तो बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. आई गोटीला घेऊन दोन पावलं मागे थांबली. मागे थांबायची जागा आता तिची झाली होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि छाती जरा फुगली.

"तुम्ही बोर्डावरची कार्डं फाडता?"

"फाडतो," तो म्हणाला. इतक्या सरळ, की माझा पुढचा प्रश्नच हरवला. "मालकांनी परस्पर घरं दिली तर मी काय खाऊ? फाइल?"

"आजचं पिवळं कार्ड कुठे आहे?"

आता मात्र त्यानं बशी खाली ठेवली. "तुम्हीही त्याच कार्डाच्या मागे? अहो, मीच ते तीन महिने शोधतोय! एकदाच दिसलं, लांबून. जवळ पोचेपर्यंत गायब. दोन महिन्यांसाठी घर द्यायला तयार असलेला मालक या शहरात दिसतो का? मला तो सापडला तर मी दारापर्यंत लोटांगण घालीन."

"तुम्ही खोटं बोलत असाल तर?"

"हे बघ बाळ." त्यानं फाइल उघडून फाडलेल्या कार्डांची चळतच दाखवली. एकूण एक कार्डाचे वरचे कोपरे गायब. "पिना काढत बसायला मला वेळ नसतो. मी ओढतो. कोपरे बोर्डावरच राहतात. जा, बघून ये. पिवळा कोपरा दिसला तर मी चोर."

मग तो गोटीकडे बघून हसला आणि आईला म्हणाला, "अकरा महिन्यांसाठी असेल तर आहे एक, ताई. छान हवेशीर."

आम्ही परत फिरलो. दालनात शिरताना समोरून गॉगलवाले काका आले. त्यांच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, आणि तेही घर शोधत होते. रोज भेटले की "मिळालं का?" विचारायचे. आज मात्र त्यांनी आम्हाला बघून मान वळवली आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

त्यांच्या बोटांमधून एक पिवळट कोपरा डोकावत होता.

४

"काका, खिशात काय आहे?"

"अं? काही नाही. पावती."

"पावतीला भोकं कशी?"

आई म्हणाली, "भोंग्या, हळू." पण गॉगलवाल्या काकांनी गॉगल काढला होता. डोळे लाल होते. गॉगल ते कशासाठी घालतात, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी कार्ड काढून आईच्या हातात दिलं. "चूक झाली, वहिनी. वाटलं, दुसऱ्या कुणी आधी फोन केला तर? म्हणून काल काढूनच घेतलं. लहान पोरासारखं वागलो."

आईनं कार्ड बघितलं आणि लगेच मान हलवली. "हे ते अक्षर नाही." कागद पिवळट होता तो जुना झाल्यानं. वर लिहिलं होतं, 'एकट्या पुरुषासाठी खोली, सहावा मजला.'

"आणि लिफ्ट?" मी विचारलं.

"बंद आहे." काका क्षणभर थांबले. "आणि आईचे दोन्ही गुडघे." मग ते स्वतःच हसायला लागले, आईपण हसली, आणि आम्हा सगळ्यांना हसताना बघून गोटीही हसली. हसायचं कारण तिला कधीच लागत नाही.

तिनं त्यांचा हात धरून तळहातावर बोटानं काहीतरी रेघ ओढली. काकांच्या तळहातावर निळी रेघ उमटली. गोटीची बोटं निळी होती, फ्रॉकची कड निळी होती. "काय गं हे? बोलकीताईंचे खडू उचललेस ना?" मी दटावलं. गोटीनं हाताची मूठ घट्ट मिटली.

काकांनी कार्ड पुन्हा बोर्डावर लावलं, ज्याला उपयोगी पडेल त्याला. त्यांच्या शेजारी उभी राहून मी पिवळे कोपरे शोधू लागले. फाइलवाला खरं बोलत होता. पांढरे कोपरे होते, गुलाबी होते, आमच्या पिवळ्या कार्डाचा एकही नव्हता.

पण जिथे ते कार्ड होतं तिथे मला वेगळंच काहीतरी दिसलं, आणि मी गॉगलवाल्या काकांचा हात इतक्या जोरात दाबला की ते "आई गं" म्हणाले.

५

बोर्डावर सगळीकडे पिनांची भोकं होती, गोल, ठळक, एकेकटी. कार्डाच्या जागेवर मात्र भोकं सुईच्या टोकाएवढी, आणि ती जोडीजोडीनं. एक भोक, नखभर अंतरावर दुसरं. जणू टाचणी आत शिरून परत बाहेर आली होती. अशा जोड्या मी मोजल्या. चौदा! आणि सगळ्या एकाच हातभर जागेत, एकमेकींना खेटून.

दोन दिवस मी याच गोष्टीवर डोकं चालवलं. बुधवारी आणि गुरुवारी आम्ही आणखी तीन घरं बघितली. एकात नळाला पाणी नव्हतं, एक आधीच गेलं होतं, आणि तिसऱ्यात मालक स्वतःच बाहेरच्या खोलीत राहणार होते. गुरुवारी दुपारी आईनं बाबांना फोन केला आणि म्हणाली, "शनिवारच्या बसची दोन-अडीच तिकिटं बघून ठेवा." तिचा आवाज अगदी साधा होता. गोटी तिच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यावर हात ठेवून बोलणं 'बघत' होती.

शुक्रवारी गोटीच्या वर्गाबाहेर बसून मी वहीत लिहिलं:

चोर असता तर एकदाच नेलं असतं. हे कार्ड चौदा वेळा लागलं आणि चौदा वेळा निघालं. कोपरे न फाटता निघालं, म्हणजे काढणाऱ्याला त्याची काळजी होती. पुन्हा त्याच जागी लागलं, म्हणजे लावणारा आणि काढणारा एकच.

चोर नव्हताच! घरमालकच स्वतःचं कार्ड पळवत होता.

पण कोण? टाचणीनं कागद टाचणारं, वॉचमनकाकांच्याही आधी येणारं आणि रोज इथे असणारं कोण?

तेवढ्यात वर्गाचा पडदा वाऱ्यानं उडून माझ्या वहीवर आला. मी तो बाजूला केला आणि हात तसाच राहिला. पडद्याची खालची कड दोनदा आत दुमडलेली होती. अगदी सारखी.

मी उठून आत डोकावले. "बोलकीताई, तुमचे खडू कसे आहेत?"

"हे काय." गोल, पांढरे.

"निळा, चपटा?"

"माझ्याकडे नाही बाई. का गं?"

मी गोटीची मूठ उघडली. आत एक चपटा, तीन कोनांचा निळा खडू होता, झिजून नखाएवढा झालेला. असा खडू मी एकाच ठिकाणी पाहिला होता. शाळेचा गणवेश बेतताना शिंप्याच्या हातात.

मी बाहेर आले, बाकावर चढले आणि गोटी जिथे गाल लावायची तिथे गाल लावला.

भिंत थरथरत होती.

६

भिंतीच्या पलीकडे जायला जिना उतरून, धुलाईघराला वळसा घालून जावं लागतं. आई, गोटी आणि मी, तिघी गेलो. गोटी पुढे. तिला वाट पाठ होती! रोज वर्गानंतर आई औषधांच्या रांगेत असताना आणि मी फोनवर घरमालकांशी हुज्जत घालत असताना ही बया पाच मिनिटं कुठे जायची, ते आम्हाला आता कळलं. सगळ्यांना प्रश्न विचारत सुटले होते मी, आणि जिला उत्तर माहीत होतं तिला विचारायचं राहिलं होतं. ती सांगू शकणार नाही असं मीच धरून चालले होते ना!

अर्ध्या उंचीच्या दारावर पाटी होती: 'शिवणखोली'. तिच्याखाली खडूनं लिहिलेलं: 'चहाला गेले आहे. दहा मिनिटांत येते.'

"बघितलंस?" मी कुजबुजले. "साडेदहा. या वेळेलाच ती..."

आई पाटीकडे टक लावून बघत होती. "भोंग्या, हे अक्षर ते नाही."

"काय?"

"हे बघ, टोकदार आहे, उजवीकडे पडलेलं. कार्डावरचं गोल होतं. मी दिवसाला हजारो अक्षरं बघते. दोन वेगळी माणसं आहेत ही."

माझं सगळं कोडं, चौदा जोड्या, पडदा, खडू, क्षणात पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं. बस उद्या होती.

"कोण हवंय?" मागून आवाज आला.

७

त्या साठीच्या असतील. गळ्यात मोजायची पट्टी, छातीशी गोल डोक्याच्या टाचण्यांची रांग. गोटी धावत गेली आणि त्यांच्या पायांना बिलगली.

"ही तुमची होय?" बाईंचा चेहरा उजळला. "मला वाटलं ही बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. छान जमतं आमचं."

आता बोलायचं होतं मला. सतरा घरमालकांशी बोललेली मी, आणि तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मी वहीच उघडून धरली. त्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं. चौदा जोड्या, फाटले नाहीत ते कोपरे, दोनदा दुमडलेली कड.

"कुठलं कार्ड?" त्या म्हणाल्या. पण हात आपोआप पोलक्यावरच्या खिशाकडे गेला होता.

खोलीत समोरासमोर दोन मशिनं होती. एकावर हॉस्पिटलच्या चादरी, दुसऱ्यावर स्वच्छ पांढरं आच्छादन. गोटी त्या दुसऱ्याकडे गेली आणि तिनं आच्छादनावर तळहात ठेवला. मग बाईंकडे वळून बघितलं. हे का थरथरत नाही?

शिवणमावशी स्टुलावर बसल्या.

"धाकटीचं आहे ते," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीचं. एकतीस वर्षं समोरासमोर बसलो आम्ही. घरही तसंच, मधल्या जिन्याच्या इकडे मी, तिकडे ती. रोज सकाळी येताना बाकांवर मुटकुळं करून निजलेली माणसं दिसायची. ती म्हणायची, ताई, यांना दोन महिन्यांसाठी कोण घर देणार गं?" त्यांनी खिशातून कार्ड काढलं. गोल अक्षर. "दुखण्यात होती तेव्हा हे लिहिलं तिनं. म्हणाली, मी गेल्यावर माझ्या खोल्यांना कुलूप लावून बसायचं नाही. हे नेऊन लावायचं."

"आणि कड?" मी अगदी हळू विचारलं. भोंगा असूनही.

त्यांनी नखानं दुमड उलगडली. खाली फोन नंबर होता.

"सवयीनं स्वतःचाच नंबर लिहिला तिनं. माझा लिहायचा, तर स्वतःचा. आम्ही दोघी हसलो होतो तेव्हा." त्यांनी कार्डावरून अंगठा फिरवला. "आता तो लागत नाही. तरी मी लावून बघते अधूनमधून. लोकांना कसा देऊ? आणि कापू तरी कसा? म्हणून मुडपला. मुडपलं की काही कापावं लागत नाही, बाळ. उसवलं की आहे तसं परत."

"दुसरं कार्ड लिहायचं ना मग."

"मग ते माझं झालं असतं. तिचं नाही." त्या जरा हसल्या. "एखाद्या सकाळी घरातून निघताना वाटतं, लावावं. दहापर्यंत तो धीर पुरतो. मग आठवतं, तो फाइलवाला साडेदहाला येतो आणि कोपरे ठेवून फाडतो. धावत जाते, काढून आणते. संध्याकाळी स्वतःला सांगते, आजही कुणी विचारलं नाही, मी काय करू?"

"पण नंबरच नाही, तर विचारणार कसं कुणी?"

"तेच तर," शिवणमावशी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी आईकडे बघितलं. कोडं तर सुटलं होतं. पण आता 'घर द्या' म्हणायला जीभ रेटेना. उद्या सकाळी दहा वाजता आमची खोली रिकामी होणार होती, आणि यांच्या खोल्या रिकाम्या होत्या म्हणूनच तर यांना रडू येत होतं.

आई पुढे झाली. जमिनीवरच बसली, मावशींच्या स्टुलापाशी.

"मी पोस्टात आहे," ती म्हणाली. "अपुऱ्या पत्त्याची पत्रं माझ्या टेबलावर येतात. परत पाठवायची घाई मी कधी करत नाही. कुणीतरी लिहिलेलं असतं ना हो मनापासून." मग जरा थांबून, "तुमच्या बहिणीचं पोचलं बघा आज. उशीर झाला, पण पोचलं. आता ते घ्यायचं की नाही, तुम्ही सांगा. नाही म्हणालात तरी आम्ही रागावणार नाही."

गोटीचा हात अजून त्या बंद मशिनवर होता.

शिवणमावशी उठल्या. त्यांनी आच्छादनाचं एक टोक धरलं, घडी घातली, मग दुसरी. गोटीला मांडीवर घेऊन धाकटीच्या खुर्चीत बसल्या आणि पाय दाबला. मशिन धडधडलं. गोटी दचकली, आणि खदखदून हसली.

"लहान मूल असेल तर उत्तम," मावशी म्हणाल्या. "तिनंच लिहून ठेवलंय. मी कोण नाही म्हणणारी? भाडं तिनं म्हटलंय तेवढंच, झेपेल असं. उद्या दहाला ना? मी पावणेदहाला येते, सामान उचलायला."

८

हे मी त्याच घरात बसून लिहिते आहे. उद्या आम्ही गावी निघू.

खिडकी आमचीच आहे, शेजारच्यांची नाही. गॉगलवाल्या काकांच्या आईचे गुडघे वाकू लागले. त्यांना तळमजल्यावरचं घर मिळालं, तेही फाइलवाल्यानं दिलेलं, चक्क दोन महिन्यांसाठी. कसं ते त्यानं सांगितलं नाही. मला बघितलं की तो हात वर करून म्हणतो, "मी नाही हं फाडलं!"

पाचव्या आठवड्यात एक गोष्ट घडली. वर्गाबाहेर गोटी नेहमीप्रमाणे बाकावर चढली आणि तिनं भिंतीला गाल लावला. मग थांबली. गाल भिंतीपासून काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला. आणि माझ्याकडे वळून, डोळे मोठे करून, बोट भिंतीकडे दाखवत म्हणाली, "टक टक टक."

गाल न लावता!

बोलकीताईंना हाक मारायचं सुचेपर्यंत बोलकीताई दारातच उभ्या होत्या.

पिवळं कार्ड आता स्वयंपाकघरात, काचेच्या चौकटीत आहे, कड उलगडलेली, नंबरासकट. काल शिवणमावशींनी मला नवा कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "तुझं अक्षर बरं आहे. तिचंच सगळं उतरव. नंबर तेवढा माझा." मी उतरवलं. 'उत्तम'खाली बारीक रेघही दिली.

आज सकाळी आम्ही चौघी बोर्डापाशी गेलो. वॉचमनकाका खुर्चीतून उठून बघायला आले. मावशींनी छातीवरची एक टाचणी काढून गोटीच्या हातात दिली आणि तिला उचलून धरलं. गोटीनं जीभ बाहेर काढून ती टोचली, आत घालून बाहेर काढली, मावशी करतात तशी.

साडेदहाला मावशी चहाला गेल्या. आम्ही बाकावर बसून बघत होतो. त्या बोर्डावरून गेल्या, क्षणभर थांबल्या, कार्डाची खालची कड बोटानं सरळ केली, आणि पुढे गेल्या.